सालोमीच्या डोक्यावरची शपथ

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४.
सर्व मृतांचा दिवस. सकाळची मिस्सा दफनभूमीत झाली. ह्यांच्या कबरीवर झेंडू आणि पांढरी शेवंती घातली. मेणबत्त्या लावल्या, वाऱ्याने दोन विझल्या. लादीच्या कडेला तडा गेला आहे, गवंड्याला सांगायला हवं. प्रचाराची रिक्षा फाटकापाशी आवाज बंद करून पुढे गेली. सालोमी भेटली. तिने एक प्रश्न विचारला. उत्तर दिलं, पण तिला पुरलं नाही. दुपारी वरणभात आणि सुकटीची चटणी. संध्याकाळी कोणी आलं नाही.

त्या दिवशीची माझी नोंद एवढीच आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला रोजनिशीची सवय लावली तेव्हा बजावलं होतं, काय घडलं ते वहीत लिहा आणि काय वाटलं ते प्रार्थनेत सांगा. ती सवय सुटली नाही. गेल्या वर्षी हे गेले त्या दिवशीही मी लिहिलं की पहाटे गेले, डॉक्टर उजाडल्यावर आले, दूधवाल्याला जास्त दूध सांगितलं. आता ते वाचलं तरी मला काही होत नाही. त्यामुळे सालोमीची हकिगत लिहिताना वहीत नसलेलं पुष्कळ आठवावं लागतं आहे. तिला विचारूनच लिहिते. नाव बदलू का म्हटलं, तर म्हणाली, भुईगावात नाव बदलून कोण फसणार आहे.

सालोमी ही सॅन्टनकाकांची मुलगी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. आमच्याच गल्लीत बापाच्या घरात ती भावाचा मुलगा डिलन आणि त्याची बायको सुझान यांच्याबरोबर राहते. चर्चमधली वेदीवरची कापडं धुऊन, खळ घालून, इस्त्री करून देण्याचं काम ती कित्येक वर्षं करते आहे. उरलेल्या वेळात अबोलीचे वाफे. सकाळी फुलं तोडून गजरेवालीला देते. बोलणं कमी. डोक्याला रुमाल कायम बांधलेला, मिस्सेतही आणि वाफ्यातही.

तिची एक गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. आमच्याकडे संध्याकाळी रोजरीची प्रार्थना झाली की मुलं घरातल्या आणि शेजारच्या मोठ्या माणसांपुढे येऊन आशीर्वाद मागतात, आणि मोठी माणसं त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. सालोमी हात ठेवत नसे. मुलं समोर आली की दोन्ही हात पाठीमागे घ्यायची आणि म्हणायची, देव भलं करो. लहान मुलांना वाटायचं तिने हातात खाऊ लपवला आहे. मुलं तिच्या मागे जाऊन बघायची. बायका बोलायच्या. कोणी म्हणालं, हिचे हात काय सोन्याचे आहेत. कोणी म्हणालं, वेदीची कापडं धुते म्हणून स्वतःला अर्धी सिस्टर समजते. सिस्टर होण्याबद्दलही तिला विचारलं गेलं होतं, तिने नाही म्हटलं. लग्नाची स्थळं आली त्यांनाही नाही म्हटलं. नात्यातल्या तीन बाळांच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता होण्यासाठी विचारलं, तेव्हा तिने चांदीचा क्रूस पाठवला, स्वतः उभी राहिली नाही. मलाही ती थोडी गर्विष्ठ वाटायची. मी कधी विचारलं नाही.

दोन नोव्हेंबरला ती बापाच्या कबरीवरचं शेवाळ सुरीने खरवडत होती. मी जवळून जाताना तिने मान वर न करता विचारलं, "एलिसाबाय, बापाचं पाप पोराला लागतं का?"

मी बरीच वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवलं आहे, त्यामुळे उत्तर तयार होतं. सांगितलं की नाही, प्रत्येकाचा न्याय ज्याचा त्याचा. आदिपाप सगळ्यांना असतं, पण ते बाप्तिस्म्याने धुतलं जातं. बाकी बापाच्या पापाचा जाब देव मुलाला विचारत नाही.

"आणि बापाने पोराच्याच डोक्यावर हात ठेवून केलं असेल तर?"

धर्मशिक्षणाच्या पुस्तकात हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, घरी ये, मग बोलू. ती सोमवारी दुपारी आली. पडवीत बसली, पाणी प्यायली आणि सगळं सांगितलं. भाजीचा हिशेब सांगावा तसं सांगितलं, आवाज कुठे वर नाही की खाली नाही.

सॅन्टनकाकांच्या आणि शेजारच्या आळीतल्या मधूच्या वडिलांच्या वाड्या एकमेकींना लागून होत्या. मधूचं घर हिंदू, सॅन्टनकाकांचं ख्रिस्ती, पण केळी एकच, विहिरीचं पाणीही एकच. मध्ये बांध होता आणि बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड. एका वर्षी निर्मळच्या जत्रेला मधूच्या घरचे सगळे गेले होते. त्या दुपारी सॅन्टनकाकांनी दगड उपटून मधूच्या बाजूला सरकवून पुन्हा पुरला. सालोमी तेव्हा आठ वर्षांची. ती तिथेच पडलेल्या सुपाऱ्या वेचत होती. बाप म्हणाला, कोणाला बोलू नकोस. ती बोलली नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर मधूच्या वडिलांच्या ते लक्षात आलं. भांडण झालं, दोन्ही आळ्यांतली वडीलधारी माणसं बसली. सॅन्टनकाका म्हणाले, दगड मी हलवला नाही. मग ठरलं की त्यांनी तिठ्यावरच्या क्रूसासमोर शपथ घ्यावी. हे त्यावेळच्या पाद्रीबाबांच्या कानावर गेलं. ते कडक होते. त्यांनी निरोप धाडला की क्रूस हा बांधाच्या भांडणातला साक्षीदार नाही, तिथे जो शपथ घेईल त्याला मी ख्रिस्तप्रसाद देणार नाही. तेव्हा मधूचे वडील म्हणाले, राहू दे क्रूस. त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगावं, मी मान्य करीन.

ही रीत दोन्ही आळ्यांत होती. कोणताही बाप आपल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणार नाही, यावर सगळ्यांचा क्रूसाइतकाच विश्वास होता. त्याबद्दल पाद्रीबाबांना कोणी विचारलं नाही.

सालोमीचा भाऊ शाळेत गेला होता. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, म्हणून तिला हाक मारली. आईने सकाळीच तिच्या डोक्याला तेल घातलं होतं. बापाने हात धुतले होते, डोक्यावर ठेवलेला हात ओला होता. तो म्हणाला, दगड मी हलवला असेल तर ही पोर. पुढचं बोलायचं नसतं, ते सगळ्यांना कळतं. मधूच्या वडिलांनी मान हलवली. माणसं उठून गेली. सालोमी पुन्हा शेंगा सोलायला बसली.

त्या रात्री आपण मरणार हे तिला नक्की ठाऊक होतं. सकाळी उठली तर जिवंत. दुसऱ्या दिवशीही जिवंत. ताप नाही, काही नाही.

"जीव घेतला नाही," ती मला म्हणाली, "म्हणजे दुसरं काहीतरी घेतलं असणार. माझ्याकडे जिवाशिवाय होतं काय? आत्माच होता."

तेव्हापासून ती तशीच राहिली. तिने एवढं धरलं होतं की आपल्या डोक्यावर जे ठेवलं गेलं ते हातातून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. म्हणून हात पाठीमागे. म्हणून लग्न नाही, मूल नाही. मी विचारलं की पापनिवेदनात फादरांना का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तिथे स्वतःचं पाप सांगायचं असतं, हे माझं नव्हतं. दर महिन्याला ती पापनिवेदनाला जायची, दूध उतू घालवलं, कोणाचा राग केला, असलं सांगायची आणि परत यायची.

आणि बाप? बाप चांगला होता, ती म्हणाली. जत्रेतून बांगड्या आणायचा. दारू प्यायला नाही, आईला मारलं नाही. फक्त त्या दिवसानंतर त्याने तिच्या डोक्याला कधी हात लावला नाही. शेवटच्या आजारात ती आशीर्वादासाठी वाकली, तर त्याने हात चादरीखाली घेतला.

हे सगळं इतक्या वर्षांनी आता का, ते मी विचारलं. सुझानला बाळ झालं हे मला माहीत होतं, पण गोष्ट तेवढीच नव्हती हे तेव्हा कळलं. लग्नानंतर बरीच वर्षं तिला मूल नव्हतं. त्या काळात ती मैत्रिणीबरोबर कुठल्या तरी हॉलमधल्या प्रार्थनासभेला जायला लागली. तिथला उपदेशक माइकवरून सांगायचा की घराण्यात जुनं पाप राहिलं असेल तर ते तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत उतरतं, मुलं होत नाहीत, झाली तर दुखणाईत होतात. आता मुलगी झाली, तब्येतीने चांगली आहे, तरी सुझानच्या मनातून ते जात नव्हतं. तिने सालोमीला सहज विचारलं, आत्या, आपल्या घरात कोणाचं काही राहिलंय का. आणि लगेच दुसऱ्या वाक्यात म्हणाली, बाळाची गॉडमदर तूच व्हायचं.

बाप्तिस्म्यात आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात. सालोमीला ते करायचं होतं. यापूर्वी कोणासाठी वाटलं नव्हतं, या बाळासाठी वाटत होतं, कारण डिलनला तिनेच वाढवला होता. तिने बोटांवर मोजून दाखवलं. सॅन्टन, मग तिचा भाऊ, मग डिलन, मग हे बाळ. ती म्हणाली, माझं जे होईल ते होवो. माझ्या हाताने तिच्याकडे जाणार असेल तर मी नाही लावणार हात. आणि जाणार नसेल तर मला लावायचा आहे. एवढंच मला पक्कं सांगा.

मला पक्कं सांगता आलं नाही. मी तिला फादरांकडे घेऊन गेले.

आमचे आत्ताचे फादर तरुण आहेत. त्यांनी सगळं ऐकलं. फोन वाजला तो बंद केला. मग म्हणाले की जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडे बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं. येशूने सांगितलं, दोघांचंही नाही. घराण्याच्या शापाचं जे त्या सभेत शिकवतात ते चर्चचं शिक्षण नव्हे. बापाची दारू, बापाचा राग, बापाने बुडवलेलं घर, याचे परिणाम पोरं भोगतात, ते आपण रोज बघतो. पण तारण असं कोणाच्या हातून दुसऱ्याचं जात नाही.

सालोमी म्हणाली, "पण त्याने मला गहाण ठेवलं होतं, फादर."

फादरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "तुमचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी ते डोकं देवाला दिलेलं होतं. दुसऱ्याची वस्तू गहाण ठेवता येत नाही. सॅन्टनकाकांनी ठेवली असेल, पण ते गहाण कोणी घेतलंच नाही."

मला ते उत्तर फार चांगलं वाटलं. सालोमीने मान डोलावली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिने विचारलं, शनिवारपर्यंत कापडं दिली तर चालतील ना, की आधी हवीत.

आम्ही उठताना फादर म्हणाले की अजून एक गोष्ट. पाप तुमचं नाही, पण जमिनीची ती पट्टी तुमच्या घराकडे आहे. ती ज्यांची आहे त्यांना विचारायला हवं. हे ऐकल्यावर मात्र सालोमी थांबली. फादरांच्या इतक्या बोलण्यात हेच तिला हातात धरता येण्यासारखं वाटलं असावं. येताना रस्त्यात ती फक्त त्या पट्टीबद्दल बोलली, किती रुंद आहे, पूर्वी तिथे काय होतं.

आता त्या पट्टीवर केळी नाहीत. डिलन तिथे गाडी लावतो. तो मुंबईला एका कंपनीत जातो, रविवारी गाडी धुतो. सालोमीने त्याला आणि सुझानला जेवायच्या वेळी सांगितलं. मी तिच्या आग्रहाने तिथे होते.

डिलनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत्या, तिथे माझी गाडी उभी असते."

"पुढे लाव."

"पुढे तुझे अबोलीचे वाफे आहेत."

"एक वाफा काढते."

तो आमटी ओरपत राहिला. मग म्हणाला, गावात कोणी काय काय हलवलंय, उमेळ्याकडे जाऊन बघ, वाड्याच्या वाड्या हलवल्यात, त्यात आजोबांचा एक दगड. सालोमी म्हणाली, बाकीच्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नव्हता. डिलनने ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. हात धुऊन आला आणि म्हणाला, दे.

सुझान रडत होती. तिला हे प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर सांगायचं होतं, म्हणजे सुटका होईल. सालोमी म्हणाली, हे मधूला सांगायचं आहे, माइकवर नाही.

निर्मळची जत्रा झाल्यावर दोन दिवसांनी आम्ही दोघी मधूकडे गेलो. मधू आता थकला आहे, गुडघे धरलेत. वाडी मुलगा यतीन बघतो, तोही नोकरी सांभाळून. मधू झोपाळ्यावर बसला होता, त्याची बायको मंदा खाली बसून भाजी निवडत होती. मंदाने जत्रेतून आणलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पुढे ठेवली. सालोमीने सुकेळीला हात लावला नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसून तिने सरळ सांगितलं की मधूदादा, बांधाचा दगड माझ्या बापाने हलवला होता, मी बघितलं होतं, आणि त्याने माझ्या डोक्यावर घेतलेली शपथ खोटी होती.

मधूने झोपाळा पायाने थांबवला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं तो नंतर कधी कोणाकडून ऐकून बोलतो आहे. तसं नव्हतं. त्याच्या वडिलांना त्या दिवशीच कळलं होतं. शपथ घेताना सॅन्टनकाकांचा चेहरा बघून नव्हे, सालोमीचा बघून. घरी आल्यावर ते ओट्यावर बसले आणि मधूच्या आईला म्हणाले, पोरीला माहीत आहे. पोर डोळे मिटून उभी होती.

पुढचं मधूने सांगितलं ते मी शक्य तेवढं त्याच्याच शब्दांत लिहिते. "मी मोठा झाल्यावर बाबांना म्हटलं, सरकारी मोजणी बोलावू या, दगड कुठे होता ते कागदावर निघेल. बाबा माझ्या अंगावर धावून आले. मला म्हणाले, मोजणीत दगड सरकलेला निघाला की शपथ खोटी पडली. शपथ खोटी पडली की त्या पोरीचं काय होईल? जमिनीचा तुकडा गेला तर गेला. त्या बांधावर कोणी टेप धरायची नाही. मरताना पण मला तेच सांगून गेले. म्हणून आम्ही कधी मोजली नाही ती हद्द."

मंदा म्हणाली, "मला लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात सांगितलं. तिकडची ती मुलगी आहे ना, तिच्यासमोर बांधाचा विषय काढायचा नाही."

बाहेर यतीनच्या मुलाने सायकल आपटली, मंदाने आतूनच त्याला दटावलं.

सालोमी म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं."

"हो."

"आणि त्यांनी सोडून दिलं."

"तुझ्यासाठी," मधू म्हणाला. "चूक त्यांचीच होती ना. पोराच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं. बापाच्या हाताखाली उभं राहिलेल्या पोराला काय विचारायचं असतं."

सालोमी म्हणाली की ती पट्टी परत घ्या. मधू म्हणाला, आता काय करायची आहे, यतीन आहे तीच वाडी विकू म्हणतो. दोन-तीनदा असं झालं. तेव्हा मंदाने त्याला गप्प केलं. "घ्या तुम्ही. तुम्हाला नको असेल, पण तिला द्यायची आहे."

मधू म्हणाला, "मग ऊन उतरल्यावर दे. आत्ता माझे गुडघे नाही म्हणतात."

संध्याकाळी यतीन आणि डिलन यांनी पहारीने दगड काढला. पूर्वीची जागा सालोमीने दाखवली. तिथे उंडीचं झाड होतं, आता खोडाचा बुंधा उरला आहे. त्याच्या रेषेत दगड पुरला. डिलनने गाडी गल्लीत लावली आणि हातांची माती झटकत म्हणाला, आता हिच्यावर कोणाला ओरखडे मारायचे असतील तर सोय झाली. यतीन हसला. मधू खुर्ची टाकून बसला होता, तो दगडाकडे बघत नव्हता, त्याचं लक्ष केळीच्या एका लोंगराकडे होतं.

घरी येताना सालोमीने मला विचारलं, मला राग यायला हवा होता का. मी विचारलं, कोणावर. ती म्हणाली, ते कळत नाही. दोन घरं माझ्यासाठी गप्प बसली आणि मला कोणी सांगितलं नाही. मग म्हणाली, रागही येत नाही, रडूही येत नाही. डॉक्टरने दात काढायला सुई दिली की गाल असतो ना, तसं आहे. मला ते कळलं. मला गेल्या वर्षापासून तसंच आहे, पण मी ते तिला सांगितलं नाही.

सुझान रोज विचारत होती आणि सालोमी रोज बघते म्हणत होती. बाप्तिस्मा रविवारी, पंधरा डिसेंबरला होता. शनिवारी दुपारी सालोमी माझ्याकडे आली. हातात बाळाचा पांढरा झगा होता, इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो तिने टेबलावर ठेवला आणि विचारलं की क्रूस कसा काढतात. अंगठा टेकवायचा की नुसता हवेत.

मी म्हटलं, टेकवायचा. वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे.

"माझ्यावर करून बघ," मी म्हटलं.

ती मागे सरली. "तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"माझं काय व्हायचं राहिलंय आता."

ती हसली नाही, पण तोंडाची घडी थोडी सुटली. उभी राहिली, हात पुढे केला, पुन्हा मागे घेतला. मी खुर्चीत बसून राहिले. मग तिने माझ्या कपाळावर अंगठा टेकवला. अंगठा खरबरीत होता, इस्त्रीमुळे कोमट होता. तिने क्रूस काढला आणि हात तसाच माझ्या डोक्यावर राहिला. माझ्या डोक्याला बऱ्याच दिवसांत कोणी हात लावला नव्हता. मी डोळे उघडे ठेवले. समोर भिंतीवरचं घड्याळ होतं, त्याकडे बघत राहिले.

हात काढून ती खाली बसली. "एलिसाबाय, मी तरेन का?"

मी धर्मशिक्षण शिकवलेली बाई. पण खोटं सांगणं मला जमलं नाही. म्हटलं, "ते कोणाला माहीत नसतं, सालोमी. मलाही माझं माहीत नाही. आशा ठेवायची."

"म्हणजे तुमच्याइतकंच?"

"माझ्याइतकंच."

तिने त्यावर विचार केला. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि झगा घेऊन गेली.

रविवारी चर्चमध्ये पाच बाळं होती. सालोमीने रुमालाऐवजी पदर घेतला होता. फादरांनी आईबाप आणि धर्ममाता-धर्मपित्यांना पुढे बोलावलं. आधी डिलनने क्रूस काढला, मग सुझानने. मग सालोमीने. बाळ झोपलेलं होतं, जागं झालं नाही. मी तिसऱ्या बाकावरून बघत होते. सालोमीने हात लगेच मागे घेतला नाही. पाणी ओतताना बाळ रडलं तेव्हा तिने सुझानच्या आधी त्याचं डोकं पुसलं.

दुपारी त्यांच्या घरी जेवण होतं. मधू आणि मंदा आले होते, यतीनही. सालोमी बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती, बाळाचं डोकं तिच्या तळहातावर. हात भरून येईल, खाली ठेव, असं दोघी-तिघींनी सांगितलं. तिने ऐकलं नाही. मी जवळ जाऊन बसले. काही वाटतं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, जड आहे. बाकी अजून काही नाही. मग म्हणाली, येईल कदाचित.

मी चारच्या सुमारास घरी आले. वहीत बाप्तिस्म्याची नोंद केली, कोण कोण आलं होतं ते लिहिलं. त्याखाली लिहिलं: संध्याकाळी गॅस संपला. शेजारच्या मुलाने दुसरा सिलिंडर लावून दिला. चहा उशिरा झाला.